पिंपात उभ्या केलेल्या रायफली आणि ती जुनी दुकानं

ओहायोकर (धागाकर्ता)

आधीच सांगून टाकतो. बंदूक असावी की नसावी हे भांडण इथे नको. त्याला वेगळा धागा आहे आणि तिथे रणधुमाळी चालूच आहे. हा धागा जुन्या लष्करी रायफलींचा. अमेरिकेत एकेकाळी पडत्या भावात मिळायच्या त्या रायफली, आणि त्या विकणारी दुकानं.

परवा गन शोमध्ये एका टेबलावर मोसिन-नागांत पडली होती. ९१/३०, म्हणजे रशियन पायदळाची नेहमीची. लाखेचा थर उडालेला, दस्त्याला चीर आणि वर चिठ्ठी: ४५० डॉलर. मी विक्रेत्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. दोघांनाही हसू आलं. २००५-०६ च्या सुमारास हीच रायफल ८०-९० डॉलरला मिळायची. संगीन, पट्टा, दोन तोंडांची तेलाची डबी आणि काडतुसांच्या पिशव्या त्यातच.

आमच्या गावाबाहेर एक दुकान होतं. पूर्वी तिथे बियाणं आणि घोड्यांचा खुराक विकायचे. आत गेलं की डाव्या हाताला एक लाकडी पिंप, त्यात मोसिन नळी वर करून उभ्या, आणि पिंपाला खिळ्याने ठोकलेला पुठ्ठा: 'कोणतीही उचला'. पण कोणतीही उचलायची नसते. आधी रिसीव्हर (नळीमागचा, बोल्ट सरकतो तो लोखंडी भाग) पाहायचा, पैलूदार की गोल. पैलूदार म्हणजे साधारण १९३६ पर्यंतची. मग शिक्का: बाण असलेला तारा म्हणजे तूलाचा कारखाना, त्रिकोणातला बाण म्हणजे इझेव्स्कचा. मग साल. १९४२-४३ ची असेल तर यंत्राचे ओरखडे तसेच ठेवलेले दिसतात. जर्मन दारात आले असताना पॉलिश करत कोण बसणार? मग नंबर जुळतात का ते. बोल्ट, मॅगझिनचं झाकण, दस्त्याची लोखंडी पट्टी. सोव्हिएत गोदामात डागडुजी करताना जुना नंबर खोडून नवा ठोकलेला असायचा, तो नखानेही कळतो. आणि एखादीवर चौकटीत 'एसए' दिसलं, तर ती फिनलंडच्या सैन्याच्या हाताखालून गेलेली. ती पिंपातून निघून तडक गल्ल्यावर.

मालक फारसं बोलत नसे. बोलायचे ते शेगडीजवळ बसलेले म्हातारे, कोरिया आणि व्हिएतनाम पाहिलेले. कॉफी दुकानाची, गप्पा त्यांच्या. बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरायचा, मालक पडताळणीसाठी फोन लावायचा, होकार आला की रायफल जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून हातात. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे.

तुमच्याकडे काय आठवणी आहेत ते लिहा. भारतातल्यांनीही लिहा.

---

मिसळपाव_डबल

वाचतोय. खुर्ची अडवून ठेवली आहे.

---

जुनाखोड

धागा आवडला. मी १९६६ साली व्हर्जिनियात शिकायला आलो. वय झालंय, टंकायला वेळ लागतो, तेव्हा सांभाळून घ्या.

तुम्ही ज्याला स्वस्ताई म्हणता ती दुसरी लाट. पहिली लाट आम्ही पाहिली. वॉशिंग्टनजवळच्या अलेक्झांड्रियात पोटोमॅक नदीच्या काठावर इंटरआर्म्स कंपनीची गोदामं होती. सॅम्युअल कमिंग्ज नावाच्या माणसाने १९५३ साली ही कंपनी काढली. दुसरं महायुद्ध संपलं, देशोदेशीची सैन्यं नवी शस्त्रं घेऊ लागली आणि जुन्याचं करायचं काय हा प्रश्न सगळ्या सरकारांना एकदमच पडला. हा गडी जायचा आणि गोदामच्या गोदाम उचलायचा. ब्रिटिश ली-एनफील्ड, जर्मन माउझर, इटालियन कारकानो, काय वाटेल ते. त्याच काठावर त्यांचं किरकोळ विक्रीचं दुकानही होतं, 'ये ओल्ड हंटर' नावाचं.

माझा खोलीसोबती टेनेसीचा, शेतकऱ्याचा पोरगा. त्याच्याबरोबर मी गेलो होतो. लाकडी घोडीवर रायफली ओळीने लावलेल्या, त्यांच्यावर तपकिरी चिकट ग्रीजचा थर. त्याने एक ली-एनफील्ड घेतली आणि सुट्टीत घरी गेल्यावर तिचं पुढचं लाकूड करवतीने कापून हरणाच्या शिकारीची रायफल केली. तेव्हा सगळे हेच करायचे. कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण मूळ रायफलीला मोलच नव्हतं. आता अशा कापलेल्या रायफलीला न कापलेलीच्या निम्मी किंमत येत नाही म्हणतात.

दुकानात जायचीही गरज नव्हती म्हणा. मासिकातलं कूपन कापायचं, मनीऑर्डर जोडायची, रायफल टपालाने घरी.

---

शमिका

जुनाखोड काका, छान लिहिलंय. पण त्या कूपनाची पुढची गोष्ट कोणीतरी सांगायला हवी ना? केनेडींच्या खुनातली रायफल तशीच आली होती. शिकागोच्या क्लाइन्स दुकानाची फेब्रुवारी १९६३ ची जाहिरात, इटालियन कारकानो, दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट, वर टपालखर्च दीड डॉलर. खोट्या नावाने मागवलेली. हे वगळून 'ते दिवस किती छान' म्हणायचं हे मला जरा जड जातं.

भांडायचं नाहीये, धागाकर्त्यांनी तंबी दिलीच आहे. पण स्वस्ताईची गोष्ट सांगताना ही बाजू त्याच गोष्टीत बसते, वेगळ्या धाग्यात नाही.

---

जुनाखोड

बरोबर आहे तुमचं. त्यानंतर पाच वर्षांनी, १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी दोघेही मारले गेले आणि त्याच ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गन कंट्रोल ॲक्टवर सही केली. टपालाने घरपोच रायफल बंद, आणि परदेशी लष्करी मालाची आयातही बंद. माझा टेनेसीचा मित्र जाम चिडला होता. त्याचा बाप मात्र म्हणाला, बरं झालं.

१९८४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने (इथल्या संसदेने) दार पुन्हा किलकिलं केलं. पन्नास वर्षं जुन्या किंवा संग्राह्य ठरलेल्या लष्करी रायफली आणायला परवानगी मिळाली. ओहायोकरांचं पिंप त्या दारातून आलेलं.

---

आकडेमोड

'स्वस्त' हा शब्द जरा तपासू या. महागाई धरली तर १९६३ चे २० डॉलर म्हणजे आजचे साधारण २००. तेव्हा किमान वेतन ताशी १ डॉलर १५ सेंट, म्हणजे कारकानोला सतरा-अठरा तासांची मजुरी. २००५ चे ८० डॉलर म्हणजे आजचे १३० च्या आसपास. तेव्हाचं किमान वेतन ५.१५, म्हणजे पंधरा-सोळा तास. आणि आजच्या ४५० ला केंद्राच्या ७.२५ दराने बासष्ट तास.

म्हणजे दोन्ही लाटांत रायफल जवळपास सारख्याच मजुरीला पडत होती. महाग झाली ती नंतर, आणि नुसत्या महागाईने नाही.

---

ओहायोकर

आकडेमोड, हे भारी. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

महाग व्हायचं कारण सोपं आहे, माल आटला. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा गोदामं तुडुंब होती. मोसिन सगळ्या प्रकारांच्या मिळून ३ कोटी ७० लाखांच्या आसपास बनल्या होत्या. युक्रेन, रशिया, बल्गेरिया सगळ्यांना डॉलर हवे होते. चिनी एसकेएस (मूळ सोव्हिएत रचनेची रायफल) १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ७०-८० डॉलरला मिळायच्या, मे १९९४ मध्ये क्लिंटननी चीनमधून आयात बंद केली. मग युगोस्लाव्हियाच्या एसकेएस आल्या, त्याही संपल्या. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यावर रशियन कारखान्यावर निर्बंध, २०२१ मध्ये रशियन काडतुसांवर. पूर्वी ४४० गोळ्यांचा बंद पत्र्याचा डबा साधारण रायफलीच्याच किमतीत यायचा. आता डबा शोधून सापडत नाही.

शमिका, तुमचा मुद्दा मान्य. तो इथेच राहू दे.

---

बे_एरिया_बंड्या

आमच्याकडे पश्चिमेला बिग ५ नावाची खेळाच्या सामानाची दुकानं. रविवारच्या पेपरात त्यांचं रंगीत पत्रक यायचं. एका पानावर बास्केटबॉल आणि पोहण्याचे चष्मे, पलीकडच्या पानावर मोसिन-नागांत, सवलतीत. बायको म्हणायची, टेनिसच्या रॅकेटी आणायला गेलात ना?

---

नवा_गडी

एक बावळट प्रश्न. मी एच-१बी वर आहे. मला अशी रायफल घेता येते का? ऑफिसातला एक म्हणतो येते, दुसरा म्हणतो तुरुंगात जाशील.

---

ओहायोकर

दोघेही अर्धे बरोबर. स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर केंद्राच्या कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. पण काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. मी ग्रीन कार्ड आल्यावरच पहिली घेतली. राज्याचे नियम वेगळे असतात, तेव्हा ऑफिसातल्या दोघांनाही सोड आणि वकिलाला विचार.

ग्रीन कार्डवाल्यांसाठी अजून एक: जुन्या वस्तूंच्या संग्राहकाचा केंद्राचा परवाना मिळतो, तीन वर्षांना ३० डॉलर. तो असला की पन्नास वर्षांवरची रायफल थेट घरी येते.

---

वरणगावकर

धागा वाचून राहवलं नाही, लिहितो. ह्यूस्टनच्या रेंजवर शेजारच्या लेनमधला माणूस ७.६२ चं लष्करी काडतूस मारत होता. काडतुसांच्या रिकाम्या पितळी टोप्या माझ्या पायाशी पडत होत्या. सहज उचलून बुडाचा शिक्का पाहिला. ओएफव्ही. दोनदा पाहिला.

ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव! भुसावळपासून हाकेच्या अंतरावर. आमचं अर्धं गाव त्या फॅक्टरीच्या भोंग्यावर उठायचं. शेजारच्या बाईंचा नवरा, माझ्या मावशीचा दीर, शाळेतल्या मित्राचे वडील, सगळे तिथे. त्या टेक्सनला सांगितलं की तुझी गोळी माझ्या गावची आहे, तर त्याला वाटलं मी थट्टा करतोय. नकाशावर दाखवलं तेव्हा त्याने हात मिळवला आणि मूठभर टोप्या मला देऊन टाकल्या. एक आईला पाठवायची होती, पण काडतुसाची टोपी विमानाच्या सामानात नको म्हणून बायकोने काढून ठेवली.

---

खडकीवाला

वरणगावकर, आमच्याकडूनही एक घ्या. जुन्या ३०३ च्या गोळीवर के आणि एफ, मध्ये ब्रिटिश सरकारी बाण असेल तर ती किर्की फॅक्टरी, म्हणजे आमची खडकी. १८६९ चा कारखाना. वडिलांची सगळी नोकरी तिथे झाली, आजोबांचीही.

अमेरिकेतल्या संग्राहकांना हा शिक्का तोंडपाठ असतो. त्यात कॉर्डाइट असायचं, दाणेदार दारू नाही. गोळी काढून टोपी उपडी केली की शेवयांची जुडी बाहेर येते, तांबूस काड्या एकावर एक. (घरी करून बघू नका.) आणि जुन्या लष्करी गोळ्यांच्या प्रायमरमध्ये (बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असतं. बार झाला की नळीत क्षार राहतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि रात्रीत गंज. म्हणून नुसतं तेल चोळून भागत नाही, आधी पाण्याने क्षार धुवावा लागतो. आजोबा सांगायचे, गोरे सोल्जर गोळीबार झाला की नळीत उकळतं पाणी ओतायचे.

---

ओहायोकर

अगदी. मी अजूनही रेंजवरून आलो की चहाचं आधण ठेवताना दुसरं भांडं रायफलीसाठी ठेवतो.

आणि कॉस्मोलिन! गोदामात पाच-सहा दशकं टिकावी म्हणून ती ग्रीज लाकडात मुरेपर्यंत लावलेली. उपाय असा: उन्हाळ्यात लाकूड काळ्या कचऱ्याच्या पिशवीत घालून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचं. दुपारी तपकिरी पाझर सुटतो, पुसायचा, परत ठेवायचं. चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) वाळलेला थर राहिला तर गोळी मारल्यावर बोल्ट असा चिकटतो की लोक हातोडी घेतात. हातोडी घेऊ नका. मिनरल स्पिरिट आणि ब्रश.

---

रानडुक्कर_प्रतिबंधक

सिंधुदुर्गातून लिहितोय. तुमचं वाचून हेवा वाटला की हसू आलं ते सांगता येत नाही. आमच्याकडे घरात आजोबांची ठासणीची बंदूक, शेती संरक्षणाच्या परवान्यावर. माकडं आणि डुकरं नारळ-भात ठेवत नाहीत म्हणून. ती नवी करायची, म्हणजे काडतुसाची एकनळी घ्यायची, तर कागदांची जी वारी आहे त्यात माणूस शेती सोडून देतो.

पण दुकानं आमच्याकडेही होती हो. कोल्हापूरच्या एका दुकानात वडिलांबरोबर जायचो. काचेच्या कपाटात दुनळ्या, वर पेंढा भरलेलं गव्याचं मुंडकं, गल्ल्यावर धोतर-कोटातले म्हातारे मालक. ते वडिलांना नावाने नाही, बंदुकीच्या नंबराने ओळखायचे. परवान्याची वही घ्यायची, किती काडतुसं दिली ते लिहायचं, सही, शिक्का. काडतुसं 'शक्तिमान', लाल वेष्टनातली. ती पण खडकीचीच ना, खडकीवाले?

खंडेनवमीला त्या दुकानात सगळ्या बंदुकांना झेंडू वाहिलेला असायचा. गिऱ्हाईक नसलं तरी पेढा मिळायचा, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचं.

---

खडकीवाला

हो, शक्तिमान आमचीच.

---

जुनाखोड

माझ्या लहानपणी मुंबईत फोर्टात अशी दुकानं होती. तेव्हा गिऱ्हाईक शिकारी, संस्थानिक, मळेवाले साहेब. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार गेली आणि निम्मं गिऱ्हाईक गेलं.

---

रानडुक्कर_प्रतिबंधक

आणि उरलेलं आयातबंदीने. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदूक आणणं जवळपास बंद झालं. त्यामुळे आधी आलेल्या वेब्ली स्कॉटच्या दुनळ्या फक्त हातोहात फिरतात आणि किंमत लाखांत. तुमच्याकडे जुनं म्हणून स्वस्त होतं, आमच्याकडे जुनं म्हणूनच महाग.

त्यात २०१९ ला कायदा बदलला, तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. तिसरी जमा करा नाहीतर विका. आजोबा-पणजोबांच्या बंदुका लोकांनी अशाच दुकानात नेऊन ठेवल्या. निवडणूक आली की पुष्कळांना जमा कराव्या लागतात, काही पोलीस ठाण्यात, काही दुकानात. कोल्हापूरच्या त्या दुकानात आता मालकांचा नातू बसतो. विक्री म्हणाल तर नावाला. जमा बंदुकांचं भाडं आणि किरकोळ दुरुस्ती यावर शटर वर जातं.

---

शमिका

मला एक कळलं नाही. भारतात पण लष्कराने, पोलिसांनी जुन्या रायफली काढल्याच की. २६/११ ला सीएसटीवर पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री होत्या हे सगळ्यांनी पाहिलं. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला थ्री नॉट थ्रीचा समारंभपूर्वक निरोप घेतला. मग त्या का नाही दुकानात आल्या?

---

ओहायोकर

कारण ३०३ (ली-एनफील्डचं काडतूस) आणि ७.६२ हे लष्करी बोअर, म्हणजे नळीची मापं, सामान्य परवान्यावर भारतात मिळत नाहीत. म्हणून तर बंगालातल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने ३१५ ची शिकारी रायफल काढली. यंत्रणा ली-एनफील्डचीच, फक्त काडतूस सैन्य वापरत नाही असं.

आणि आता गंमत ऐका. १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरने ली-एनफील्डचाच ७.६२ चा अवतार बनवला, २ए आणि मग २ए१. त्या १९९० च्या दशकात अमेरिकेत सर्प्लसमध्ये, म्हणजे सैन्याने काढून टाकलेल्या मालात, आल्या. माझ्याकडे एक आहे. मॅगझिन चौकोनी, दोन हजारांऐवजी आठशे मीटरपर्यंतचं मागचं साइट, आणि पुढच्या लाकडातून आरपार गेलेला एक स्क्रू. इथले लोक त्यालाच 'ईशी स्क्रू' म्हणतात. लाकूड फाटू नये म्हणून घातलेला. बाजूला आरएफआय (रायफल फॅक्टरी ईशापूर) आणि अशोकाचे सिंह. म्हणजे भारतात बनलेली, भारतीय सैन्यासाठी बनलेली रायफल मी भारतीय असताना भारतात घेऊ शकलो नसतो, ती ओहायोत दीडशे डॉलरला घेतली. सरकारला नकोशी झाली, पण आपल्याच माणसाच्या हातात द्यायची नव्हती.

---

मिसळपाव_डबल

'आपल्याच माणसाच्या हातात द्यायची नव्हती' हे १८७८ च्या आर्म्स ॲक्टपासून चालू आहे हो. गोऱ्यांनी केलं, आपण १९५९ मध्ये नवा कायदा केला आणि परवान्याची वही तशीच ठेवली. (फाटा फोडत नाही, फक्त नोंद.)

---

शमिका

आणि ते योग्यच आहे असं माझं मत आहे. (मीपण फक्त नोंद.)

---

आकडेमोड

कोणी नेपाळच्या साठ्याबद्दल लिहिलं नाही अजून? २००३ च्या सुमारास काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा दोन अमेरिकन व्यापाऱ्यांनी मिळून विकत घेतला. मार्टिनी-हेन्री, नेपाळी बनावटीच्या गहेंद्र, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या ठासणीच्या बंदुका, सगळं शेकडो टन. कंपनीचा शिक्का असलेलं मस्केट आज न्यू जर्सीतून मागवता येतं. आमच्या मंडळातल्या एकाने घेऊन दिवाणखान्यात लावलंय, खाली ढाल-तलवार आणि महाराजांचा फोटो. मी म्हटलं, अरे ही समोरच्या बाजूची बंदूक. तर म्हणे, लूट म्हणून लावलीय.

---

जुनाखोड

हे मात्र आवडलं.

---

बे_एरिया_बंड्या

तज्ज्ञ जमलेच आहेत तर एक विचारतो. सासऱ्यांच्या (अमेरिकन आहेत) तळघरात एक रायफल निघाली. दिसते अगदी ली-एनफील्डसारखी, पण नळी आतून गुळगुळीत आहे आणि मॅगझिनच्या जागी आत लाकडाचा ठोकळा बसवलाय. शिक्के ईशापूरचे वाटतात. त्यांनी कधीतरी फार पूर्वी चाळीसेक डॉलरला घेतलेली. मुलगा म्हणतो ४१० ची शॉटगनची काडतुसं आणून मारून बघू.

---

ओहायोकर

थांबव त्याला. ती ४१० मस्केट, ३०३ ची नळी आतून मोठी करून बनवलेली. पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी, एका वेळी एकच बार, म्हणून तो ठोकळा. तिचं मूळ काडतूस ३०३ च्या टोपीवरून केलेलं आहे. दुकानात मिळणारं आजचं ४१० त्या चेंबरमध्ये नीट बसत नाही. इथे आल्यावर पुष्कळांचं चेंबर नव्या काडतुसासाठी कापून घेतलं होतं, पण सगळ्यांचं नाही. बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून चेंबर मोजून घेतल्याशिवाय बार टाकायचा नाही.

---

खडकीवाला

आणि ठोकळा काढून फेकू नका, मूळचा आहे. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या शिक्क्यांचे फोटो चढवा, साल सांगतो.

---

बे_एरिया_बंड्या

शनिवारी जातोय तिकडे, चढवतो.